पेंचच्या बोटीची डिझेल टाकी

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये एरवी जनरेटरच्या डिझेल टाक्या बनतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी जलाशयातली एक जुनी बोट आमच्याकडे आली. तिच्या तळात साचणाऱ्या पाण्यावर डिझेलचा तवंग दिसू लागला होता आणि नागपूरला पिण्याचे पाणी याच जलाशयातून मिळते, म्हणून हे काम मला फार जोखमीचे वाटले.

टाकी डेकखाली होती आणि डेक कापल्याशिवाय निघणार नव्हती. डिझेल उपसून झाले तरी आमच्या मिस्त्रींनी गॅस कटर जवळ येऊ दिला नाही. रिकाम्या टाकीत उरलेला थर ज्योतीने तापला की त्याची वाफ होते आणि टाकी फुटते. त्यामुळे फळ्या हातकरवतीनेच कापल्या.

टाकी उलटी केली तेव्हा वरचा पत्रा आणि सांधे धडधाकट निघाले. तळाची मात्र चाळण झाली होती. टाकी हलू नये म्हणून कोणीतरी पूर्वी तिच्याखाली जाड फेल्ट (दाबलेल्या तंतूंचे, पाणी शोषणारे कापड) अंथरले होते. ते कायम ओले राही आणि तळाला हाताचे बोट लावताच गंजाच्या खपल्या सुटत होत्या. आतूनही डिझेलपेक्षा जड असलेले पाणी तळाशीच साचत गेल्याने पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला गेला होता.

बोटमालक म्हणाले, "भाऊ, कूलरला लावतात तो जस्ताचा पत्रा लावा ना, गंजणार नाही." उन्हाळाभर कूलर चालणाऱ्या नागपुरात ही सूचना साहजिक होती. पण जस्त आणि डिझेल यांच्या प्रक्रियेतून साबणासारखे क्षार तयार होऊन फिल्टर चोंदतो. जाड पत्रा लावला असता तर तोही त्याच ओल्या फेल्टवर गंजला असता.

आम्ही ५०८३ या बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या, सहज न गंजणाऱ्या जातीच्या ॲल्युमिनियमच्या दोन लहान टाक्या केल्या, म्हणजे पुढे डेक कापावा लागणार नाही. त्या पाणी न शोषणाऱ्या निओप्रीन रबराच्या पट्ट्यांवर, खालून हवा खेळेल अशा बसवल्या. ३ पीएसआय इतक्या हलक्या दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले तेव्हा पुरवठा नळीच्या मुळाशी एक बारीक बुडबुडा आला. तो सांधा घासून पुन्हा वेल्ड केला.

टाकी गळ्यापर्यंत भरू नका, असे मी मालकांना बजावून सांगितले. १०० लिटर डिझेल २० अंशांनी तापले की दीड लिटरहून अधिक फुगते आणि हवेच्या नळीतून थेट जलाशयात सांडते.