घड्याळ उजव्या हातात

डाव्या मनगटावर पुरळ उठलं म्हणून घड्याळ उजव्या हातात बांधलं, एवढंच निमित्त. दिवसभर माझी नजर आपली डाव्या मनगटाकडे. तिथं नुसता पट्ट्याचा पांढुरका वळ. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर 31 वेळा! बरं, त्यातल्या निम्म्या वेळा मला वेळ बघायचीच नव्हती. समोरचा बोलत होता आणि मला कंटाळा आला होता. ओशाळलो. इतकी वर्षं लोकांना हे दिसत असणार.

पुरळ गेलं, घड्याळ तिथंच राहिलं. मग मला जरा चेव चढला. पहाटे उठणं, फोन उशापासून लांब, रोज पानभर लिहिणं, सगळं एकदम सुरू केलं. नवव्या दिवशी सगळंच बारगळलं. ‘21 दिवसांत सवय बदलते’ हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे निम्म्या वाटेतच नापास झाल्यासारखं वाटलं.

नंतर कळलं, तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचा. बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं होतं. सांगोवांगीत ‘निदान’ गळालं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाचा हिशेब 254 पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं. हे वाचून जीव भांड्यात पडला. अर्थात तो अभ्यास नवी सवय लावण्याचा. जुनी मोडणं त्याहून चिवट, हा माझा अनुभव.

मग एकच धरली. कुणी काही नवं सुचवलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत ‘मला नाही जमणार’ म्हणायची. नुसतं ‘म्हणायचं नाही’ ठरवून जमेना, तोंडातून निघून जायचं. म्हणून त्या जागी दुसरा शब्द ठेवला: ‘कधी?’ आधी ते विचारायचं, नकार नंतर. पहिले काही आठवडे नकार आधी आणि ‘कधी’ मागाहून, असंच चाललं.

परवा एका सहकारी बाईंनी विचारलं, “सगळ्यांसमोर दहा मिनिटं बोलाल का?” नजर डाव्या मनगटाकडे गेली. रिकामंच होतं.

“कधी?” मी म्हणालो.

“आत्ता,” त्या म्हणाल्या.