‘लिंक आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

लाडकी बहीण योजनेच्या पैशांसाठी बँकेच्या त्या खिडकीवर मी चार वेळा गेले. चारही वेळा एकच उत्तर, “ताई, आधार लिंक आहे.” पासबुक उलटून बघायचे, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबायचे आणि मान हलवायची. चौथ्या वेळी मी विचारलं, “लिंक आहे तर पैसे कुठंयत?” तर म्हणे, “ते सरकारला विचारा.”

योजनेचा अर्ज भरताना मला काहीच त्रास झाला नव्हता. केशरी रेशनकार्ड असल्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागला नाही, अंगणवाडीताईंनी मोबाइलवर फोटो काढला, झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला मंजुरीचा मेसेजही आला. १४ ऑगस्ट २०२४च्या संध्याकाळपासून गल्लीत मोबाइल वाजायला लागले. जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये. जाऊबाईंना आले, समोरच्या काकूंना आले. दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदनाला गेले तर जी ती विचारते, “तुझे आले का गं?” मी आपली दर तासाला मोबाइल बघतेय. घरात किराण्याची उधारी तुंबलेली. कापूस निघायला दोन महिने, सोयाबीनला दीड. श्रावण-भाद्रपदात आमच्यासारख्या घरात नवा पैसा येतो तो फक्त खुरपणीच्या मजुरीचा, दिवसाला २५०.

आणि मी ती मजुरी बुडवून बँकेत उभी. तालुक्याला जायचं म्हणजे सकाळची गाडी, बँकेत रांग, मग जेवणाची सुट्टी, मग सर्व्हर डाऊन. घरी यायला चार वाजतात, म्हणजे दिवस गेलाच.

मला जे कळायला महिना लागला ते आधी सांगते. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आपला आधार नंबर पाच बँकांत दिलेला असू शकतो, पाचही जण ‘लिंक आहे’ म्हणतील आणि ते खोटं नसेल. पण लाडकी बहीणचा पैसा खातेनंबरावर येत नाही, आधार नंबरावर येतो. तो कुठल्या बँकेकडे पाठवायचा याची नोंद एनपीसीआय नावाच्या, बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे असते, त्या नोंदीला सीडिंग म्हणतात, आणि तिथं एका आधारपुढे एकच बँक असते. ज्या बँकेत सगळ्यात शेवटी सीडिंगचा फॉर्म दिला, ती. अर्जावर तुम्ही कुठलाही खातेनंबर लिहा, पैसा जातो त्या नोंदीतल्या बँकेत. खिडकीवर विचारायचं ते “लिंक आहे का” असं नाही. “डीबीटीसाठी सीडिंग तुमच्याकडं आहे का” असं विचारा. डीबीटी म्हणजे सरकारचा पैसा थेट खात्यात. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

सांगितलं ते भाच्यानं, तेही फोनवर. माय आधारच्या वेबसाइटवर जा म्हणाला, तिथं बँक सीडिंग स्टेटस दिसतं. गेले. तर ओटीपी. आणि ओटीपी जातोय कुठं, तर यांच्या जुन्या सिमवर, जे दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडलेल्या मोबाइलबरोबर गेलं. मग आधार केंद्र. पहिल्या दिवशी साडेनऊला पोहोचले तर टोकन संपलेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेले, पायरीवर माझ्याआधी अकरा बायका, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर. ५० रुपये भरले, नंबर बदलायला टाकला, आणि परत वाट बघणं. (नंबर बदलायचं काम आत्ताच करून टाका. सप्टेंबर २०२५मध्ये याच योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, सुरू झाली तेव्हा परत ओटीपी आलाच, आणि तोही आपला एक आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा एक. गल्लीतल्या निम्म्या बायका तेव्हा पळापळ करत होत्या, मी घरी बसून दहा मिनिटांत केलं.)

नंबर बदलला, स्टेटस उघडलं, आणि बँकेचं नाव बघून मी कपाळाला हात लावला. माझ्या माहेरच्या तालुक्यातली बँक. २०१८ साली थोरलीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा मातृवंदना योजनेच्या ५,००० रुपयांसाठी आईनं तिथं खातं काढून दिलं होतं. तीन हप्त्यांत पैसे आले, ते काढले, आणि पासबुक आईच्या पेटीत राहिलं. मी ते खातं विसरले होते. एनपीसीआय विसरलं नव्हतं. स्टेटसवर नुसतं बँकेचं नाव येतं, खातेनंबर येत नाही, त्यामुळे जुनं पासबुक शोधावंच लागतं.

माहेर साठ किलोमीटर. बरं की एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आईनं पेटी उपसली, लग्नातल्या शालूच्या घडीत पासबुक निघालं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. बँकेत दिलं तर तिथल्या मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, “पैसे तर १६ ऑगस्टलाच आलेत. पण खातं बंद पडलंय, दोन वर्षं व्यवहार नाही ना. केवायसी करा.” महिनाभर मी ज्यांच्यासाठी उन्हातान्हात हिंडत होते ते तीन हजार तिथं गपगार पडून होते! मला हसू आलं आणि रडूही. पण त्या मॅडम भल्या. फॉर्म त्यांनीच भरला, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून दिली. खातं चालू व्हायला चार दिवस लागले. पैसे हातात आले तेव्हा गौरी जेवून उठून गेल्या होत्या. त्या वर्षी त्यांना घरच्याच साडीवर भागवावं लागलं.

मधल्या काळात माझे सात दिवस गेले. चार बँकेचे, दोन आधारचे, एक माहेरचा. सात अडीचशे सतराशे पन्नास. गाडीभाडं आणि झेरॉक्स वेगळं. दीड हजाराच्या हप्त्यापेक्षा जास्त पैसा मी हप्ता मिळवण्यात घालवला. हा हिशेब कुठल्याच बातमीत येत नाही.

तरीपण पैसा आला याचं महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. यांच्या नावावर पीएम किसानचे २,००० येतात ते खताच्या दुकानाच्या उंबऱ्यावरूनच परत जातात. माझे माझ्या नावावर आले. १,८०० किराण्याला दिले, दुकानदारानं वहीतल्या पानावर आडवी रेघ मारली, ती मी डोळ्यांनी बघितली. ४०० बचत गटाचा हप्ता. उरलेल्याचं यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. धाकट्याला चष्मा लागला होता, शाळेच्या तपासणीत जूनमध्येच कळलेलं. तो झाला. दीड हजारात कुणाची गरिबी जात नाही, पण चष्म्यासाठी कापसाची वाट बघावी लागली नाही.

नंतर मी गावाजवळच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म दिला आणि त्यावर शिक्का मारून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागितली की तोंड वाकडं करतात, करू द्या. आठवड्याभरानं स्टेटसवर नाव बदललेलं दिसलं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे भाऊबीजेआधी इथंच आले. हप्ता यायच्या तोंडावर मात्र बँक बदलू नका, आधी आलेला काढून घ्या.

जाऊबाईंचं वेगळंच निघालं. शेत त्यांच्या नावावर, नमो शेतकरी योजनेचे पैसे घेतात, म्हणून त्यांना पुढं १,५०० ऐवजी ५०० यायला लागले. त्यांना वाटलं बँकेनं कापले, भांडायला निघाल्या होत्या. नियमच तसा आहे. आणि शेजारच्या वहिनींचे मालक वारलेत, वडीलही नाहीत, त्यांचं ई-केवायसीत अडलं कारण दुसरा ओटीपी द्यायचा कुणाचा? त्यांनी नंतर स्वतःचं केलं आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईंकडं दिला. असं कुणाचं असेल तर दाखल्याच्या दोन झेरॉक्स ठेवा, एक देताना दुसरीवर सही घ्या.

अजून एक राहिलं. गावातल्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढत असाल तर खुरपणीहून थेट जाऊ नका. हात चिरलेले असले की अंगठा घेत नाही. रात्री खोबरेल लावून झोपा आणि सकाळी जा. आणि पावती मागा, बाकी किती आहे ते त्यावरच कळतं.