फेक पायापासून सुरू होते

चेंडू लांब फेकणे हे दंडाच्या ताकदीचे काम आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात उजव्या हाताने नीट फेकणारा माणूस डावा खांदा लक्ष्याकडे करून आडवा उभा राहतो आणि डावा पाय पुढे टाकतो. मग कंबर वळते, तिच्यामागून छाती व खांदा वळतात, कोपर पुढे येते तेव्हाही पंजा मागेच रेंगाळत असतो, आणि मनगट सर्वांत शेवटी सुटते. न शिकलेला माणूस समोर तोंड करून उभा राहतो, पाय टाकलाच तर उजवाच टाकतो आणि कोपरापुढचा हात तेवढा झटकतो.

या दुसऱ्या फेकीला आपण 'मुलीसारखी' म्हणून मोकळे होतो. क्रिकेट खेळणाऱ्या कोणत्याही उजव्या तरुणाला डाव्या हाताने चेंडू फेकायला सांगावे. त्याचीही फेक बहुधा तशीच पडते.

आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडे कैऱ्यांच्या दिवसांत झाडावर दगड मारतात ते मुलगे. मुली खाली पडलेल्या कैऱ्या वेचतात. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात क्रिकेट रंगते, तिथेही बहुतेक मुलगेच असतात. हा सराव कुणी मोजत नाही, त्यामुळे तो उपजत वाटतो.

शरीराचा फरक नाहीच, असे मी म्हणणार नाही. वयात आल्यावर पुरुषांची उंची आणि स्नायूंचे बळ अधिक वाढते. स्पर्धेतला पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि स्त्रियांचा ६०० ग्रॅमचा असतो, तो उगीच नव्हे. परंतु फेकीतली तफावत त्याच्या कितीतरी आधी, लहान वयातच दिसते, आणि त्या वयात धावण्या-उडी मारण्यात मुलामुलींमध्ये एवढे अंतर नसते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलामुलींची फेक तपासली गेली, तेव्हा ही तफावत अमेरिकी मुलामुलींपेक्षा कमी आढळली. उत्तर प्रदेशातील अन्नू राणी सुरुवातीला शेतात उसाची कांडी फेकत असे. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर भाला फेकून तिने सुवर्णपदक मिळवले.

शाळेच्या मैदानावर 'जोर लाव गो!' असे ओरडण्याने काहीच साधत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. मुलीला आधी आडवे उभे करावे, समोरचा पाय कुठे पडायला हवा तिथे खडूने रेघ मारावी, आणि नेम धरायला न लावता भिंतीवर जोरात फेकू द्यावे, कारण नेमाच्या काळजीने अंग आखडते. चेंडूही हातात मावेल असाच द्यावा. तळव्यापेक्षा मोठा चेंडू मूल फेकत नाही, ढकलते.