‘फोर!’ ओरडलो आणि सगळे वर बघायला लागले

भाच्याने अमेरिकेहून येताना तीन थाळ्या आणल्या. दिसायला फ्रिस्बीसारख्याच, पण लहान, जड आणि कडेला पातळ. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. “मामा, डिस्क गोल्फ. चेंडू नाही, काठी नाही. थाळी फेकायची, पडली तिथून पुन्हा फेकायची, शेवटी साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला.” आठ दिवसांनी तो गेला, थाळ्या जळगावातच राहिल्या.

प्रत्येक थाळीवर चार आकडे होते. मला वाटलं बॅच नंबर. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे किती झुकेल त्याचा आणि चौथा जोर संपला की डावीकडे किती वळेल त्याचा. हा हिशोब उजव्या हाताने बॅकहँड मारणाऱ्याचा. ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फेकायच्या थाळीवर, वेग 12; पटरवर, म्हणजे टोपलीजवळून टाकायच्या थाळीवर, 2. गिरणेच्या कोरड्या वाळूत तीन रविवार घालवल्यावर पहिले तीन आकडे डोक्यात बसले. चौथा बागेत बसला, तो पुढे सांगतो.

टोपली विकत आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून वेल्डिंगवाल्याकडे गेलो. खालच्या टोपलीला 28 इंची जुन्या सायकलची रिम, वर लहान सायकलची रिम, मध्ये पाइप, बुडाला टायरमध्ये ओतलेलं काँक्रीट. “हाई काय शे भो? कोंबड्या झाकशी का?” तो म्हणाला. साखळ्या आणायला बाजारात गेलो. अठरा तुकडे तोडून मागितले, तर दुकानदार आदराने विचारतो, “म्हशी अठरा का?” मी हो म्हटलं. भाव कमी लावला.

या साखळ्यांची टोपली एड हेड्रिक या माणसाची. 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला तोही त्याचाच. 2002 मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थींची राख नव्या थाळ्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. आपण रामकुंड गाठतो, हा गडी फेकला जातोय. टोपल्या येण्याआधी तिकडे लोक झाडं, खांब, कचराकुंड्या यांवरच नेम धरायचे. हे वाचून मला हुरूप आला. आमच्याकडे टोपली एकच, पण कडुनिंब भरपूर.

बागेचं नाव लिहीत नाही, रोज तिथेच जायचंय. पहिल्याच रविवारी सकाळी सहाला मी आणि शेजारचे पाटील सर पोचलो. फिरायला येणाऱ्यांचा ट्रॅक, हास्यक्लब, कोपऱ्यात योग. मी शहाण्यासारखा पटर घ्यायचा, तर घेतला ड्रायव्हर. सरळ गेला, वाटलं जमलं, आणि मग चौथा आकडा जागा झाला. थाळी डावीकडे वळून ट्रॅकवर उतरली आणि एका आजोबांच्या पायापुढे हातभर अंतरावर घसरत थांबली. “काय भो, मनं डोकं फोडशी का?” त्यांनी थाळी उचलली, उलटसुलट पाहिली आणि काखेत घालून चालायला लागले. अख्खी फेरी त्यांच्यामागून माफी मागत गेलो तेव्हा परत दिली.

तेवढ्यात वॉचमन आला. लेखी परवानगी आणा म्हणाला. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो. खेळाचं नाव मराठीत लिहा म्हणाले, म्हणून मी ‘थाळीफेक’ लिहिलं. साहेबांच्या डोळ्यांसमोर दोन किलोची ती मैदानी थाळी आली. “बागेत थाळीफेक? माणसं मारायचीत का?” अर्ज परत. शुद्ध मराठीने एवढा दगा मला आजवर दिला नव्हता. पुढच्या खेपेला पटर सोबत नेला आणि ‘फ्रिस्बीचा खेळ’ लिहिलं. साहेबांनी टेबलावर थाळी फिरवून बघितली. तोंडी हो मिळालं : सातच्या आत, रविवार सोडून.

मग कोर्स नव्याने आखला. ट्रॅक ओलांडणारी एकही फेक नाही. लांबात लांब 40 मीटर, थाळी फक्त पटर. मोठ्या कोर्सवरच्या फेकी याच्या दुप्पट-तिप्पट लांबीच्या असतात, पण तिथे वाटेत हास्यक्लब नसतो. वळणावर एक जण उभा राहणार; त्याने हात वर केल्याशिवाय दुसरा फेकणार नाही. चालणारा माणूस दिसला की थांबायचं, मग तो फोनवर बोलत जागीच उभा राहिला तरी. नऊ झाडांच्या डावात आमचा निम्मा वेळ असा उभ्याउभ्याच जातो.

इशारा द्यायला तिकडे ‘फोर!’ ओरडतात. आम्हीही ओरडलो. इथे चार म्हटलं की लोक डोकं झाकत नाहीत, चौका कुठे गेला ते बघायला मान वर करतात. दोनदा असं झाल्यावर ‘सरका!’ ठरलं. ते लगेच कळतं.

मे महिन्यात एक चूक झाली. ड्रायव्हर गाडीच्या काचेखाली राहिला आणि दुपारच्या उन्हात बिबड्याच्या पापडासारखा वाकडा झाला. तसाही तो बागेत निघत नव्हता. मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची थाळी, पाटील सरांनी पाचव्या झाडावर अडकवली. दोन पावसाळे झाले, अजून तिथेच आहे. आजोबा ट्रॅकवरून जाताना रोज वर बघतात आणि विचारतात, “पडनी का रे?”