सुकडी म्हणजे?

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंकडून लेख परत आला. सोळा पानं, सत्तेचाळीस शेरे. माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, 1972च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, त्यावरचा लेख. पहिलाच शेरा: ‘सुकडी म्हणजे?’ झालं, डोकं फिरलं. उभा जन्म मराठी मजकूर तपासण्यात घालवलेली बाई मला सुकडी विचारते! लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला.

दुपारी परत बसलो. पान तीनवर त्यांनी लिहिलं होतं, ‘आजी कायद्यानं काम मागते? रोजगार हमीचा कायदा 1977चा, अंमल 26 जानेवारी 1979पासून.’ बोंबला. आजी तर मुकादमाच्या हातापाया पडून मस्टरवर नाव चढवून घ्यायची. तिनंच सांगितलेलं. आणि मी तिच्या तोंडी मोर्च्यातली भाषा घातली होती, कारण ती छान वाटत होती. तो परिच्छेद निमूट उडवला.

पुढे मात्र अडलो. ‘मुकादमाचं पान काढा, लांबलंय.’ ते तर माझं सगळ्यात लाडकं पान! खड्ड्याची खोली मोजताना टेपचं टोक तळाला टेकूच न देणारा मुकादम. फोन लावला.

“बाई, हे काढलं तर लेखात उरतं काय?”

“मग मला तिथे कंटाळा का आला? ‘काढा’ हा माझा उपाय झाला. तुम्हाला दुसरा सापडतोय का बघा.”

संध्याकाळपर्यंत तेच पान खालीवर करत राहिलो. गोची त्या पानात नव्हतीच. मजुरी खोदाईच्या मापावर ठरायची, हे मी आधी कुठेच सांगितलं नव्हतं. मग टेप टेकली काय न टेकली काय, वाचकाला त्याचं काय? दोन पानं आधी दोन ओळी घातल्या. मुकादम राहिला. (सत्तेचाळीसपैकी सहा शेरे मला आजही पटत नाहीत. तसं कळवलं, त्यांनी चार सोडून दिले.)

सुकडी शेवटी राहिली. लिहायला घेतलं, ‘कामावर वाटायचे ते गोडसर पीठ...’ आणि पुढे सुचेना. मी ती कधी खाल्लीच नव्हती, नुसता शब्द ऐकलेला. आजी आता नाही. आईला फोन केला.

“कशी लागायची गं सुकडी?”

“माझी आई पदरात बांधून आणायची आमच्यासाठी. टाळ्याला चिकटायची नुसती. वर घोटभर पाणी लागायचं,” आई म्हणाली, “आणि पाणी कुठं होतं?”