चियांग माईच्या वेशीबाहेर पाच रात्री

हॉटेल इतकं स्वस्त का आहे, हे नकाशा मोठा करून पाहिला असता तर पुण्यातच कळलं असतं. मी मात्र फक्त भाव पाहिला. दोघींची खोली, एसी, फ्रीज, गरम पाणी, रात्रीचे ५५० बाथ. एक बाथ म्हणजे साधारण पावणेतीन रुपये धरा. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईच्या जुन्या शहरात, खंदकाच्या आत, तशाच खोलीला हजार-साडेदहाशे सांगत होते. 'शहरापासून दहा मिनिटं' असं हॉटेलनं लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त ती दहा मिनिटं स्वतःची गाडी असलेल्याची होती.

सोबत आत्या होती. वय चौसष्ट, इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त, शाकाहारी, आणि कुत्र्यांना प्रचंड घाबरणारी. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे यातलं प्रत्येक आडवं आलं.

बँकॉकहून आम्ही रात्रीची गाडी घेतली. उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून सुटतात. जुन्या हुआ लांफोंगला जाऊन उभे राहू नका. खालचा बर्थ थोडा महाग असतो, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर तोच घ्या, वरची शिडी उभी आहे. सकाळी चियांग माईला उतरलो तेव्हा जानेवारीतली थंडी आपल्याकडच्या महाबळेश्वरसारखी अंगाला लागत होती. आत्यानं शाल आणली होती. मी 'थायलंडला कसली शाल' म्हणून हसले होते, ती आता दोघींत एक झाली.

निघण्याआधी भरायच्या फॉर्मबद्दल एक. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्यानं पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. सरकारी साइटवर ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बाहेर पडा. त्यात मुक्कामाचा प्रांत, जिल्हा आणि उपजिल्हा विचारतात. वेशीबाहेरच्या हॉटेलचा जिल्हा बहुधा शहराचा नसतो. आमचा सारफी होता. मी आधी शहराचा जिल्हा निवडला, मग पुढच्या यादीत आमचा उपजिल्हा सापडेचना. हॉटेलचा पूर्ण पत्ता हाताशी ठेवून बसा. व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात, तिकीट काढण्याआधी ते स्वतः पाहा.

हॉटेल शहराच्या दक्षिणेला, लांफून या शेजारच्या शहराकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यापासून आत नऊशे मीटरवर होतं. तिथे गल्लीला सोई म्हणतात. दोन मजली चाळ असावी तशी खोल्यांची रांग, प्रत्येक खोलीपुढे गाडी लावायला जागा, कोपऱ्यात खांबावर बसवलेलं छोटं देवघर आणि त्यापुढे स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली. मालकाच्या सुनेनं पासपोर्टची झेरॉक्स काढली, ५०० बाथ अनामत घेतली आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला नियमांचा कागद पुढे केला. खोलीत उग्र वासाचा ड्युरियन आणायचा नाही, हे समजण्यासारखं होतं. मँगोस्टीन या साध्या फळावरही काट मारलेली पाहून आत्या बुचकळ्यात पडली. त्याच्या सालीचा रस चादरीला लागला की डाग निघत नाही म्हणे.

खोली स्वच्छ. संडासात जेट स्प्रे होता, तेव्हा ती काळजी सोडा. गीझर भिंतीवरचा, लगेच पाणी तापवणारा. नळ पूर्ण सोडला तर पाणी कोमट येतं, अर्धा सोडला तर कढत. पांघरूण पातळ. हिवाळ्यात गेलात तर जास्तीचं मागून घ्या, देतात. पहिली खोली दिली ती गोदामाच्या बाजूची, पहाटे चारपासून टेम्पोची भरणी सुरू. दुसऱ्या दिवशी मागची मागितली, कुरकुर न करता बदलून दिली. सकाळी साडेसहाला गावचा भोंगा मात्र मागेही ऐकू येतो. खांबावरच्या कर्ण्यातून गाणं, मग कुणीतरी पुरुष बराच वेळ काहीतरी सांगतो. आत्या म्हणाली, "पाणीपट्टी भरा म्हणत असेल."

आता हिशेब. पाच रात्रींत खोलीवर वाचले सुमारे अडीच हजार बाथ. शहरात राहिलो असतो तर लागलाच नसता असा जाण्यायेण्याचा खर्च झाला १,३४०. उरले ११६०, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. ग्रॅब आणि बोल्ट ही गाडी बोलावायची दोन्ही अॅपं मोबाइलवर टाकून ठेवा. बोल्ट आम्हाला बहुतेक वेळा स्वस्त पडलं, दिवसा शंभर-एकशेवीस बाथ. रात्री दहानंतर तोच रस्ता दोनशेला गेला, आणि त्यातही दोन चालकांनी अंतर पाहून फेरी रद्द केली.

खरी बचत सोंगथेवनं होते. पिकअप गाडीच्या मागे समोरासमोर दोन बाकं, म्हणून नावच 'दोन रांगा'. शहरातल्या लाल, त्या सांगाल तिकडे वळतात. चियांग माई ते लांफून धावणाऱ्या निळ्या, आणि त्या आमच्या सोईच्या तोंडावरून जायच्या. हात करायचा, चढायचं, उतरायचं असेल तिथे छतावरची घंटी दाबायची आणि खाली उतरून चालकाच्या खिडकीशी पैसे द्यायचे. आधी द्यायला गेलात तर तो हसून हात हलवतो. शहरातल्या वरोरोट बाजारापर्यंत आम्ही माणशी २० बाथ दिले. सुटे ठेवा. अंधार पडायला लागला की या गाड्या विरळ होतात आणि मग दिसतच नाहीत. आमचा सगळा दिवस या एका गोष्टीभोवती बेतावा लागला. सकाळी सातला बाहेर, पाचला परत.

रविवारी ते मोडलं. जुन्या शहराच्या ता पे दरवाजापासून आत रस्ताभर भरणारा रविवारचा बाजार संध्याकाळीच रंगतो, तो सोडून परत कोण येणार? साडेदहाला बोल्ट मिळाली. हॉटेलनं अॅपवर टाकलेली खूण मुळात चुकीची होती, दिवसा चालक सवयीनं बरोबर आणत होते म्हणून लक्षात आलं नव्हतं. या मुलानं खुणेवर विश्वास ठेवून आम्हाला मागच्या देवळाच्या दाराशी सोडलं आणि गेला. थायलंडमधल्या देवळांत भटक्या कुत्र्यांना आसरा असतो. दिवसा ती पायरीवर पसरलेली असतात, रात्री ती राखणदार असतात. पाच-सहा उठून आली. आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की सकाळी वळ दिसत होते. पळायचं नाही एवढं मला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या घरातून एक म्हातारी हातात खराटा घेऊन आली, तिनं तो नुसता जमिनीवर आपटला आणि सगळी शेपट्या पाडून गेली. मग ती हॉटेलच्या फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालली. आत्या तिच्याशी मराठीत बोलत होती, ती थाईत, आणि दोघींचं नीट चाललं होतं.

तर पोहोचल्या दिवशी उजेडातच अॅपवरची खूण खरी आहे का ते पाहा. चुकीची असेल तर हॉटेलच्या दारात उभं राहून स्वतःची खूण जतन करा. पत्त्याचा थाई लिपीतला फोटो आणि हॉटेलचा फोन नंबर मोबाइलमध्ये हवाच. छोटी टॉर्च आणि छत्री जवळ असू द्या, छत्री पावसासाठी नव्हे.

स्कूटर घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, त्यामुळे मोह होतो. पण आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि त्यात दुचाकीची नोंद असेल तरच. चियांग माईत पोलिस थांबवतात, आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. माझ्याकडे परवाना नव्हता, विषय संपला.

खाण्याचं आधी अवघड वाटलं. सोईच्या तोंडाशी सकाळचा बाजार भरायचा, तिथे चिकट भात छोट्या पिशवीत बांधून मिळतो, दहा बाथला एकीचं पोट भरेल इतका. त्याच्याबरोबर नाम प्रिक नुम. हिरव्या लांब मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून खलात कुटलेले. वास आला आणि आत्या थांबली. "अगं, हा ठेचाच की!" खरंच ठेचा, फक्त जरा ओलसर, भरताकडे झुकलेला. पण थांबा. यात पुष्कळ जण मासळीचं पाणी किंवा आंबवलेला मासा घालतात. 'माय साय नाम प्ला', म्हणजे मासळीचं पाणी घालू नका, एवढं वाक्य पाठ करा, आणि आधीच कालवलेलं असेल तर घेऊ नका. तिसऱ्या गाडीवालीनं मान हलवून पाट्यावरची भाजलेली मिरची-लसूण वेगळी कुटून दिली, मीठ घालून. तेवढ्यावर आत्याचे चार दिवस निघाले. पिवळ्या कापडावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान दिसलं की बिनधास्त शिरा, तिथे मांस, मासे, अंडं काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. अक्षर ओळखण्यासाठी फोटो काढून ठेवा. मी मात्र खाव सोय खाल्लं, नारळाच्या दुधातल्या रश्शात नूडल्स आणि वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, दोनदा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. वेशीबाहेरच्या वस्त्यांत रस्त्याकडेला पाणी भरायची यंत्रं असतात. एक बाथचं नाणं टाकलं की बाटली भरते. शेजारीच नाण्यांवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रं. पर्यटकांच्या गल्लीत किलोवर पैसे घेतात, इथे पूर्ण गाठोडं ४० बाथात निघालं. वाळत घालायला हॉटेलची मागची दोरी होती.

दोई सुथेपचं डोंगरावरचं देऊळ, तीनशेच्या वर पायऱ्या, सोनेरी चेदी म्हणजे स्तूप, सगळं पाहिलं. त्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला सांगायचंय ते हॉटेलपासून तीन किलोमीटरवरच्या वियांग कुम कामबद्दल.

राजा मेंगराईनं चियांग माई वसवलं १२९६ मध्ये. त्याआधी काही वर्षं त्याची राजधानी इथे होती. पिंग नदीचे पूर सोसवेनात म्हणून त्यानं ती हलवली. गाव पुढेही नांदत राहिलं, पण नदीनं पात्र बदललं, पुरांनी गाळ आणून टाकला आणि अख्खी नगरी मातीखाली गेली. १९८४ मध्ये पुरातत्त्व खात्यानं उकरायला घेतली. आज तिथे लोकांची घरं आहेत, लोंगन या लिचीसारख्या फळाच्या बागा आहेत आणि मधेच एखाद्या अंगणाशेजारी पुरुषभर खोल चौकोनी खड्डा, त्याच्या तळाशी देवळाचा विटांचा चौथरा. वरच्या काठावर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. आत्या बराच वेळ काठावर बसून राहिली. म्हणाली, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ असंच वर येतं, तेव्हा शाळेतली पोरं घेऊन मी जायचे.

अवशेष दूर दूर पसरलेत. चालत फिरायचा हट्ट धरू नका. माहिती केंद्रापासून घोडागाडी आणि उघडी ट्राम मिळते. ट्राम स्वस्त, घोडागाडी सावकाश. आम्ही घोडागाडी केली, कारण सावकाशच हवं होतं. वात चेदी लिआम हे देऊळ चुकवू नका. पाच टप्प्यांची चौकोनी चेदी आणि कोनाड्यांत उभे साठ बुद्ध. १९०८ मध्ये एका ब्रह्मी व्यापाऱ्यानं ती दुरुस्त केली, त्यामुळे नक्षीवर ब्रह्मदेशाची छाप पडलीय. मूळ आकार लांफूनच्या चेदीवरून घेतलेला. निळ्या गाडीत बसून पुढे लांफूनला जाऊन ती मूळ चेदीही पाहिली, अर्ध्या दिवसाचं काम.

त्या रस्त्याची झाडं पाहायला तरी जा. दोन्ही बाजूंना शतकाहून जुने यांग वृक्ष, सरळसोट, बुंध्यांना भगवी वस्त्रं गुंडाळलेली. साधूचं वस्त्र नेसवलेलं झाड कोण तोडणार? अंदमानचा गर्जन वृक्ष पाहिला असेल तर हा त्याचाच भाऊबंद. लांफूनची हद्द आली की यांग संपतात आणि आपल्याकडे रस्त्याकडेला दिसतो तो कासोद सुरू होतो. प्रांत बदलल्याची पाटी वाचायची गरजच नाही.

दोन रात्रींसाठी येणार असाल तर इकडे राहू नका, वेळ रस्त्यात जाईल. रात्रीचं शहर पाहायचं असेल तरीही नको. चार रात्रींच्या वर मुक्काम आणि लवकर उठायची सवय असेल तर जरूर. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत टाळा, शेतं आणि डोंगर जाळतात, धुरानं शहराचा श्वास कोंडतो. पावसाळ्याच्या शेवटी येत असाल तर खोली वरच्या मजल्यावर घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंगचं पाणी या बाजूच्या वस्त्यांत शिरलं होतं. आमच्या हॉटेलच्या भिंतीवर कमरेच्या वर त्याची तपकिरी रेघ अजून आहे, रंग द्यायचं कुणाच्या मनात आलेलं नाही.

शेवटी अनामत. आमचं विमान सकाळचं, निघायचं होतं पाचला, आणि काउंटर उघडतं आठला. ही गोष्ट आदल्या रात्री सुचायला हवी होती. मी दार वाजवलं, मालकाची आई झोपेतच बाहेर आली, तिला पावती दाखवली. तिनं आत जाऊन बिस्किटांचा डबा आणला आणि वीस-वीसच्या नोटा अंथरुणाच्या उबेतल्या हातांनी मोजायला लागली. बाहेर बोल्टवाला हॉर्न देत होता. चौदाव्या नोटेला ती चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.