आमची वाटचाल : चष्म्याच्या दुकानापासून कॉर्निया स्कॅनपर्यंत

मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, रायबागहून पेशंट यायचे, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायचे आणि चष्म्यासाठी आमच्या वडिलांच्या दुकानात शिरायचे. मी ऑप्टोमेट्री शिकून परतलो आणि मागच्या खोलीत केरॅटोमीटर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं (कॉर्नियाचं) वळण मोजणारं यंत्र, मांडला. आजच्या कामाची सुरुवात तिथे झाली, कारण काही पोरांच्या डोळ्यात त्या यंत्राच्या आकृत्या जुळायच्याच नाहीत. दर सहा महिन्यांनी तिरका (सिलिंडर) नंबर वाढलेला, त्याचा कोन म्हणजे अ‍ॅक्सिस फिरलेला, रात्री दिव्याला शेपट्या दिसतात अशी तक्रार. घरच्यांचं म्हणणं एकच : दुकानदाराने नंबर चुकीचा काढला.

हा केरॅटोकोनस. कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. बहुतेकांना विशीच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतो, आणि डोळे चोळायची सवय असेल तर जोर धरतो. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन (अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त) जाड असतो, त्याची पॉवर ४३ डायऑप्टरच्या आसपास; वळण जितकं टोकदार तितकी पॉवर जास्त. केरॅटोमीटर फक्त मधल्या तीनेक मिलिमीटरचं वळण सांगतो. शंकूचं टोक मात्र बहुधा मध्याच्या खाली आणि कानाच्या बाजूला सरकलेलं असतं. म्हणजे चोर एका गल्लीत आणि पोलीस दुसऱ्या.

पहिलं मोठं यंत्र सेकंडहँड घेतलं, प्लॅसिडो टोपोग्राफर. पोर्तुगालच्या आंतोनिओ प्लॅसिडोने १८८० च्या सुमारास वापरात आणलेली युक्ती आहे ती : काळी-पांढरी वर्तुळं डोळ्यासमोर धरायची आणि त्यांचं प्रतिबिंब बघायचं. शंकूवर वर्तुळं एकमेकांच्या जवळ येतात, अंड्यासारखी ओघळतात. लाल-निळा नकाशा छापून हातात दिला की पालक गप्प व्हायचे. पण प्रतिबिंब पडतं ते अश्रूंच्या थरावर. डोळा कोरडा असला की वर्तुळं तुटतात आणि नसलेला आजार दिसू लागतो. शिवाय हे यंत्र पुढचाच पृष्ठभाग बघतं. मागची बाजू आणि जाडी त्याला कळत नाही.

जाडीसाठी आम्ही अल्ट्रासाउंड पॅकिमीटर वापरायचो. भूल देणारा थेंब टाकून प्रोब टेकवायचा. तो टेकेल तिथलीच जाडी मिळते, सगळ्यात पातळ जागा कुठे आहे ते आपण अंदाजाने धरायचं. ज्या डॉक्टरांना क्रॉसलिंकिंग (औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करून आजार थोपवायचा उपचार) करायचं असतं त्यांना नेमकी तीच जागा हवी असते. या उपचाराच्या मूळ, ड्रेस्डेन पद्धतीत एपिथेलियम, म्हणजे कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थर, काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन कॉर्निया उरावा लागतो, नाहीतर अतिनील किरणांनी आतल्या पेशींना इजा होते.

म्हणून कर्ज काढून पेंटाकॅम हा फिरता स्कॅनिंग कॅमेरा आणला. बायको म्हणाली, एवढ्यात सांगलीला फ्लॅट झाला असता. झाला असता. या कॅमेऱ्यामागचं तत्त्व ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो थिओडोर शाइमफ्लुग ऑस्ट्रियाच्या लष्करातला अधिकारी, आणि त्याचं काम हवेतून काढलेल्या फोटोंवरचं. इथे कॅमेरा डोळ्याभोवती फिरतो, दोनेक सेकंदांत कॉर्नियाचे उभे-आडवे काप टिपतो आणि पुढची बाजू, मागची बाजू, जाडी एकदम देतो. सुरुवातीच्या केरॅटोकोनसमध्ये पुढची बाजू साळसूद दिसत असताना मागची आधी फुगलेली सापडू शकते. लॅसिकआधी (चष्मा घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेआधी) तपासायला येणाऱ्या मुलामुलींसाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे.

आता वादाचा मुद्दा. पेशंट दुसऱ्या शहरातून वेगळ्या यंत्राचा रिपोर्ट घेऊन येतो. त्यात सर्वांत पातळ जागा ४१२ मायक्रॉन, आमच्याकडे ३९८. "खरं कुठलं, साहेब?" दोन्ही यंत्रं नीट आहेत, पण मोजण्याची रीत वेगळी. ओसीटी हे स्कॅनर प्रकाशाच्या परावर्तनातून थर वाचतं, शाइमफ्लुग तत्त्वाचा कॅमेरा (आमचा पेंटाकॅम) फोटोतून कडा शोधतो आणि कॉर्नियावर व्रण असला की अडखळतो. वळणाचंही तेच. वर्षभरात सर्वांत टोकदार जागेची पॉवर एक डायऑप्टरने वाढली तर आजार पुढे सरकतोय असं बरेच डॉक्टर धरतात. पण फार पुढे गेलेल्या शंकूत लागोपाठच्या दोन स्कॅनमध्येसुद्धा तेवढा फरक पडू शकतो. तेव्हा आमचा नियम : तुलना त्याच यंत्रावरच्या जुन्या स्कॅनशीच, आणि प्रत्येक डोळ्याचे किमान तीन स्कॅन.

ते तीन मिळवणं हीच खरी मेहनत. खोलीत अंधार, हनुवटी टेकलेली, "निळ्या लाइटकडे बघ, डोळा मोठा कर, मिटू नको." पोरगं नेमकं तेव्हाच मिटतं. स्क्रीनवर क्वालिटीचा पिवळा शेरा येतो. पुन्हा. वरची पापणी जड असेल तर आमची सहायक बोटाने उचलते, पण बुबुळावर दाब येऊ न देता. पिवळ्या शेऱ्याचा रिपोर्ट आम्ही बाहेर देत नाही. यावरून घाईतल्या गिऱ्हाइकांशी आमची भांडणं झाली आहेत.

नागपूरजवळच्या खेड्यांतल्या एका पाहणीचा आकडा इथे सांगायला हवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिशीवरच्या ४,६६७ लोकांपैकी २.३ टक्क्यांना केरॅटोकोनस धरला गेला. जुन्या अमेरिकी अंदाजांपेक्षा हे कितीतरी जास्त. पण निकष होता पुढच्या बाजूची पॉवर ४८ डायऑप्टर किंवा अधिक. त्यात नुसतेच जास्त वळणाचे, तरी धडधाकट कॉर्निया धरले गेले असणार, आणि सुरुवातीचे काही सुटले असणार. तरी आपल्या राज्यात हा आजार दुर्मीळ नाही, एवढं मी त्यावरून मानतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही ओसीटी आला. शंकूच्या टोकावर एपिथेलियम पातळ होतं आणि भोवती जाड होतं, त्यामुळे पुढच्या बाजूचा खड्डा-उंचवटा काही अंशी झाकला जातो. ओसीटी हा थर वेगळा मोजतो. जुना प्लॅसिडो मात्र विकला नाही. सेमी-सॉफ्ट (थोड्या कडक, हवा जाऊ देणाऱ्या) कॉन्टॅक्ट लेन्स बसवताना अजून तोच आधी लावतो.

पेशंट पाठवल्याबद्दल कट द्यायचा नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, त्यामुळे वाढ सावकाश झाली. काही दवाखान्यांनी पेशंट पाठवणं बंदही केलं. स्कॅनची फी त्यामुळेच कमी ठेवता आली.

येणाऱ्यांसाठी : सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर आणि सेमी-सॉफ्ट दोन-तीन आठवडे आधी काढून ठेवा. जुने रिपोर्ट, नुसता फोटो असला तरी, सोबत आणा. गुरुवारी बंद.